राजमाची जाऊ

प्राणी पाळायला माझा ठाम विरोध आहे. सध्या माझ्या घरात सात गिनिपिग आहेत.

या दोन वाक्यांच्या मधे जे घडलं त्यात माझा दोष शोधायचा म्हटलं तर फार लांब जावं लागणार नाही, पण सुरुवात मी केलेली नाही. सुरुवात केली वरच्या मजल्यावरच्या सुभेदारसाहेबांनी. मी भिंगारला लष्कराच्या एका गोदामात स्टोअरकीपर आहे, राहायला क्वार्टर आहे. आमच्याकडे फौजी कुटुंबाची बदली निघाली की ट्रकमधे जे मावत नाही ते शेजाऱ्यांच्या घरात येऊन पडतं. अशा रीतीनं आमच्याकडे एक तंदूर, दोन सायकली (दोन्हींना मिळून तीन चाकं) आणि बॅडमिंटनचं एक नेट जमलेलं आहे. सुभेदारसाहेबांची बदली थेट बर्फात झाली आणि एका संध्याकाळी त्यांच्या सौभाग्यवती पिंजरा घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"भैया, बस थोड़े दिन की बात है. वहाँ की ठंड में ये बचेंगी नहीं."

पिंजऱ्यात दोन गिनिपिग होत्या. दोन्ही माद्या. तपकिरी होती तिचं नाव राजमा आणि पांढरी होती तिचं नाव चावल!

"तात्पुरतंच आहे ना हे?" मी माझ्या बायकोला, सुनंदाला, हळूच विचारलं.

"तंदूरही तात्पुरताच आहे," ती म्हणाली आणि पिंजरा आत घेतला.

त्याच वर्षी वडील गेले आणि मी आईला गावाकडून भिंगारला आणलं. आईचा सगळा जन्म गुराढोरांत गेलेला. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, शेळ्यांशी बोलायचं, कोंबड्यांना शिव्या द्यायच्या. इथं क्वार्टरमधे पहाटे उठून ती करणार काय? पहिले काही दिवस ती खिडकीत बसून नुसती रस्त्याकडे बघायची.

"दारात साधी कोंबडी न्हाई रं," ती म्हणायची. "मानसानं सकाळी उठून बघायचं तरी कुनाकडं?"

मी पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. आईनं वाकून बघितलं. "ही उंदरं कुनी पाळली?"

आठवडा गेला नसेल. मी ऑफिसातून आलो, तर आई दारात कमरेवर हात ठेवून उभी. "गवत कोन आननार? जनावर उपाशी ठिवतो व्हय रं? लाज न्हाई वाटत?" तेव्हापासून त्या दोघी आमच्या गोठ्यातल्या झाल्या. आई त्यांच्या लेंड्या झाडून तुळशीला घालायची. त्यांना सगळ्या नातेवाइकांच्या बातम्या सांगायची. माझ्या बालपणीच्या (मी कोणालाच न सांगितलेल्या) गोष्टीही सांगायची.

आणि त्या दोघींची एक गंमत होती. फ्रीजचं दार उघडलं किंवा प्लास्टिकची पिशवी वाजली की काकडी-कोथिंबीर आलीच असं समजून दोघी शिट्ट्या मारायच्या. बारीक, उंच, खणखणीत शिट्टी! रात्री चोरून गोड खायची माझी सवय त्या शिट्ट्यांमुळे सुटली. माझं वजन कमी झालं ते डॉक्टरांमुळे नाही, राजमा-चावलमुळे.

मग एके दिवशी चावल गेली. आजार वगैरे काही नव्हता, वय झालं होतं. सकाळी आई गवत घालायला गेली तर चावल कोपऱ्यात निपचित आणि राजमा तिला अंग टेकून बसलेली. क्वार्टरच्या मागं कडुनिंबाखाली आम्ही तिला पुरलं. आईनं वर काकडीचा तुकडा ठेवला. मी प्राणिविरोधी माणूस, पण मला खोरं नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं फ्रीज उघडला. शिट्टी नाही.

तिनं दार लावलं, पुन्हा उघडलं. शिट्टी नाही. काकडी कापली, कोथिंबीर धुतली, गाजर किसून बघितलं. राजमा पाठ करून बसली होती. वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी म्हणालो, "खरंच आहे म्हणा. चावलशिवाय नुसता राजमा कसा काय..."

कोणीही हसलं नाही. सुनंदानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी लग्नानंतर फक्त दोनदाच पाहिली आहे.

राजमा खाईना तशी आईही ताट सारायला लागली. "तिच्या पोटात काई न्हाई, मला कसं जाईल?" आणि मग एका दुपारी ती कपाट उघडून बसली. प्रत्येक लुगडं वेगवेगळ्या कॅरीबॅगेत घातलं आणि त्या सगळ्या कॅरीबॅगा आपल्या मोठ्या नायलॉनच्या पिशवीत भरल्या. इतका चुरचुर आवाज झाला, पण पिंजऱ्यातून शिट्टी आली नाही. ते आईच्या ध्यानात आलं असावं, कारण ती दोनदा पिंजऱ्याकडे वळून बघत होती.

"मला गावाला सोड," ती म्हणाली. "हिचंबी बरंवाईट व्हनार. ते बघायला मी हितं थांबनार न्हाई. एक मरान यंदा बघितलंय मी, बास झालं."

पिशवी तिनं दारामागच्या खुंटीला टांगली. गावाकडचं घर बंद, तिचे गुडघे गेलेले, शेजारचं कुटुंबही पुण्याला राहायला गेलेलं. तिथं ती एकटी कशी राहणार? मला खरंच भीती वाटली. एवढ्याशा जनावरानं दोन घास खाल्ले तर माझी आई माझ्याजवळ राहणार होती, नाहीतर नाही, असा सरळ मामला होऊन बसला.

नगरला जनावरांचे एक डॉक्टर आहेत. त्यांनी राजमाचे दात बघितले, पोट दाबलं, वजन केलं.

"दुखणं काही नाही. एकटी पडलीय. कळपातलं जनावर आहे हे. जोडीला दुसरी मादी आणा, आणि लवकर आणा. यांचं पोट फार वेळ रिकामं राहिलेलं चालत नाही."

आता कोणीही शहाणा माणूस तिथूनच दुकानात गेला असता. पण मी विचार करणारा माणूस! दुसरी आणली आणि उद्या राजमा गेली, तर दुसरी एकटी पडणार. तिच्यासाठी तिसरी आणायची. दुसरी गेली की तिसरी एकटी. म्हणजे मी रिटायर होणार, म्हातारा होणार, आणि पिंजऱ्यात कोणीतरी एक कायम एकटं असणार! ही साखळी सुरू होण्याआधीच तोडायची असं मी ठरवलं.

म्हणून मी आधी घरगुती उपाय केले. पिंजऱ्यात आरसा लावला. राजमानं आरशाकडेही पाठ केली, त्यामुळे दोन पाठी दिसायला लागल्या. मोबाईलवर गिनिपिगच्या शिट्ट्यांचा व्हिडिओ लावला. राजमा गवताखाली लपली आणि शेजारच्या काकू सांगायला आल्या की तुमचा कुकर कधीचा ओरडतोय. शेवटी मी स्वतःच तिला सोबत द्यायचं ठरवलं. हॉलमधे पिंजऱ्यासमोर गुडघ्यांवर आणि हातांवर बसलो, तोंडात कोथिंबिरीची एक काडी धरली आणि तिला दाखवून दाखवून चावायला लागलो. मधूनमधून शिट्टीही मारत होतो.

नेमके त्याच वेळी आमच्या ऑफिसातले मोठेबाबू मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दारात आले. (दार उघडं होतं. आमच्याकडे दिवसा दार लावायची पद्धत नाही. आता आहे.)

"बसा ना," मी काडी तोंडात ठेवूनच म्हणालो.

मोठेबाबूंनी पत्रिका चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि मागल्या पावलानं गेले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्याशी सगळे फार हळू आवाजात बोलत होते. मला कोणी कामही सांगितलं नाही.

"झालं समाधान?" सुनंदा म्हणाली. "आमच्या रावसाहेबाकडं आहेत ती जनावरं. त्याच्याकडून आणा."

रावसाहेब म्हणजे माझा धाकटा मेहुणा. काष्टीला असतो. शेळ्यांचा व्यवहार करतो आणि प्रत्येक व्यवहारात वर काहीतरी मिळवतो. कधी कोंबडा, कधी सशाचं पिल्लू. असेच कोणीतरी त्याला गिनिपिग दिले होते. मी लगेच फोन लावला.

"रावसाहेब, ते गिनिपिग आहेत ना तुझ्याकडं? एक मादी उसनी दे. राजमा आहे तोवर. मग परत."

"दाजी, जनावर काय वाटीभर साखर हाय का, उसनं द्याया? वाट्यानं देतो."

आमच्या भागात शेळी वाट्यानं द्यायची पद्धत आहे. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं. पिल्लं झाली की निम्मी मालकाची, निम्मी सांभाळणाऱ्याची. हे ऐकताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची राजमा मादी, रावसाहेब देणार तीही मादी. पिल्लं व्हायचा प्रश्नच नाही! जनावर माझं होणार नाही, वाढणार नाही, आणि वेळ आली की मालकाच्या दारात नेऊन बांधता येईल. साखळी तुटली! मी फोन ठेवला तेव्हा मला स्वतःचाच इतका अभिमान वाटत होता की मी फ्रीज उघडून एक पेढा खाल्ला. शिट्टी वाजली नाही, त्याचं वाईटही वाटलं.

काष्टीला गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. रावसाहेब जनावरांच्या गर्दीत उभा होता, पायाशी झाकलेली टोपली.

"मादीच आहे ना?" मी पहिला प्रश्न विचारला.

"दाजी, मी शेळ्यांत जन्मलो," तो म्हणाला. (हे उत्तर नव्हतं. पण त्याच्या आवाजात इतका आत्मविश्वास होता की त्या क्षणी ते उत्तरच वाटलं.) "आना हात."

"हात कशाला?"

"बाजारात उभं राहून व्यवहार करायचा आन् टावेल न्हाई? लोकं काय म्हनतील?"

जनावरांच्या बाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून बोलायचं. रावसाहेबानं खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला. आजूबाजूचे दहाबारा लोक गोळा झाले. दाजी बैल घेतायत असं त्यांना वाटलं असणार. रावसाहेबानं आधी माझी दोन बोटं दाबली आणि भुवया उडवल्या. मी मान हलवली. मग अंगठा दाबला. मी मान हलवली. मग त्यानं माझं मनगट गच्च धरलं आणि डोळे मिटले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सासुरवाडीच्या भरबाजारात जावयानं "म्हणजे काय?" असं विचारायचं? मीही डोळे मिटून मान हलवली.

"झाला सौदा!" रावसाहेब गरजला आणि टोपलीचं झाकण काढलं. आतून पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची एक गुबगुबीत गिनिपिग बाहेर बघू लागली.

 एक म्हातारबाबा टोपलीवर वाकले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पावनं, ह्ये नांगराला जुपनार व्हय?"

तिचं नाव भिंगरी. मी टोपली मोटारसायकलला बांधून भिंगारला आलो, तर दारात आई उभी. हातात ओवाळणीचं ताट, उंबऱ्यावर तांदळाचं माप.

"आई, हे काय?"

"घरात जाऊ येतीया राजमाला. तशीच घिऊ व्हय आत? माप वलांडू दे."

मी भिंगरीला उंबऱ्याजवळ सोडली. तिनं माप ओलांडलं नाही. ती मापात चढली, तांदळात बसली आणि तिथंच लघवी केली.

"लक्ष्मी हाय," आई म्हणाली. सुनंदानं तांदूळ गपचूप फेकून दिले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदम एका पिंजऱ्यात ठेवू नका, दोघींनाही परकी असेल अशा जागी भेटवा. आमच्या दोन खोल्यांत अशी जागा एकच, बाथरूम. तिथं दोघींना सोडून आम्ही तिघं दारात उभे राहिलो. राजमानं भिंगरीकडे बघितलं. भिंगरीनं राजमाकडे बघितलं. मग राजमा फुगली, कमरेपासून हलत हलत तिच्याभोवती फिरली आणि दातांवर दात कडकड वाजवायला लागली!

"अगं बाई, मारतील एकमेकींना!" सुनंदा ओरडली. "काढा तिला बाहेर!"

"हात लावू नगा," आई शांतपणे स्टूल ओढून बसली. "जावा हायेत. थोरली जरा तोरा दाखवनारच. मी न्हाई का दाखवला तुझ्या चुलतसासूला? वरीसभर बोलले न्हवते."

"मग बोललात कशा?"

"माझ्या ताटातली भाकरी उचलली तिनं. मग काय गप बसनार का मी?"

आणि अगदी तसंच झालं! मधे कोथिंबिरीची जुडी पडली होती. भिंगरीनं इकडंतिकडं न बघता एक काडी उचलली आणि कचाकचा खायला सुरुवात केली. राजमा थबकली. दात वाजायचे थांबले. तिची कोथिंबीर, तिच्या घरात, काल आलेली बया खातेय! ती तरातरा पुढे आली, त्याच काडीचं दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. भिंगरीनं सोडलं नाही. दोघी दोन्हीकडून खात खात मधे आल्या, नाकाला नाक लागलं, आणि राजमानं दुसरी काडी उचलली.

राजमा जेवत होती! आईनं पदर डोळ्याला लावला. मी पाय घसरला असं दाखवून बादलीवर बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनंदानं फ्रीज उघडला आणि हॉलमधून दोन खणखणीत शिट्ट्या आल्या. घरात इतका आनंद माझी नोकरी कायम झाली तेव्हाही झाला नव्हता.

आईची पिशवी मात्र खुंटीवर तशीच राहिली. "बघू," एवढंच ती म्हणाली.

दोघी जावा रोज भांडायच्या आणि रोज एकमेकींना टेकून झोपायच्या. भिंगरीला आमचं घर चांगलंच मानवलं. इतकं मानवलं की ती दोन्ही बाजूंनी फुगायला लागली. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचो. "काष्टीहून आली तेव्हा एवढीशी होती. आमच्या हातचं अन्न!" पुढं पुढं तर ती इतकी रुंद झाली की मला तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली. मी तिचं गाजर बंद केलं आणि रोज संध्याकाळी हॉलमधे तिला चालवायला सुरुवात केली. मी मागून टाळ्या वाजवायचो, ती दोन पावलं टाकून बसायची.

आई तीन संध्याकाळ हे बघत होती. चौथ्या संध्याकाळी तिला राहवेना. "आरं येड्या, गाभण हाय ती! पोटुशी बाईला पळवतो व्हय?"

"गाभण? कशी शक्य आहे? दोघी माद्या आहेत!"

"हितं न्हाई झाली. येतानाच होती. मला पहिल्या दिशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू परत नेऊन घातली असती. मग राजमानं काय करायचं?"

मी तडक काष्टीला फोन लावला. पलीकडून आनंदाचा स्फोट झाला. "आवं अभिनंदन, दाजी! निम्मी माझी बरं का!"

बाळंतपणात मी आणखी एक शहाणपण केलं. बाळंतिणीला आराम हवा म्हणून राजमाला दुसऱ्या खोलीत एका खोक्यात ठेवलं. संध्याकाळपर्यंत राजमा पाठ करून बसली. कोथिंबिरीला तोंड लावेना. फ्रीज उघडला, तर एकट्या भिंगरीचीच शिट्टी आली. आईनं मला माझ्या वडिलांच्या नावानं दोन शिव्या घातल्या आणि राजमाला जावेजवळ नेऊन ठेवलं. तेव्हा कुठं तिनं घास घेतला. मला त्या दिवशी कळलं की हिला कोणीतरी सोबत हवं असं नव्हतं, हिला भिंगरीच हवी होती.

भिंगरीला चार पिल्लं झाली. गिनिपिगची पिल्लं म्हणजे अजब प्रकार! उघडे डोळे, अंगभर केस, जन्मल्याजन्मल्या पळायला तयार. डॉक्टरांनी बघून सांगितलं, दोन नर, दोन माद्या. नर जरा मोठे झाले की वेगळे ठेवा, नाहीतर तुमच्या घरात मोजदाद ठेवायला माणूस लागेल.

आणि पिल्लं जराशी मोठी झाली तसा रावसाहेब दारात! हातात तीच टोपली.

"ये, बस. चहा घेऊ. कोणती दोन नेतोस?"

"दोन पिल्लं आन् आई," रावसाहेब म्हणाला.

"आई? आई कुठून आली मधे?"

"दाजी, असं काय करता? टावेलाखाली मी मनगट न्हवतं का धरलं? मनगट म्हंजे पहिली पिल्लं झाली की मूळ जनावर परत. तुमी मान हलवली. डोळं मिटून हलवली!"

"मला वाटलं प्रेमानं धरलंस!"

"बाजारात प्रेमानं कोन धरतं, दाजी?"

सुनंदानं कपाळावर हात मारला. मी विनवलं, चिडलो, जावई असल्याची आठवण करून दिली. पण बाजारात दिलेला शब्द, दहाबारा लोकांसमोर! रावसाहेब खाली मान घालून पिंजऱ्याकडे गेला आणि त्यानं भिंगरीला उचललं. राजमा जाळीला तोंड लावून उभी राहिली.

 आई उठली, दारामागं गेली आणि खुंटीवरून आपली पिशवी काढली.

"रावसाब, टोपलीत जागा असंल तर मलाबी घे. जाताना गावात सोड."

"मावशी, आसं काय बोलता!"

"मग काय करू? ही पुन्यांदा पाठ करून बसनार. मला न्हाई बघवत." तिचा आवाज फुटला. 

"मला काय हौस हाय का, मावशी?" रावसाहेब एकदम खाली बसला. भिंगरी त्याच्या मांडीवर. "घरी सर्जा बसलाय तोंड फिरवून. नीट खात न्हाई, नीट पीत न्हाई."

"सर्जा कोण?" मी विचारलं.

"हिचा मालक. दोनच तर हुती माझ्याकडं. तुमची नड म्हनून हिला दिली. वाटलं, गडी हाय, राहील. दाजी, तो रातंदिस टोपलीखाली बसलाय. बायको म्हनती, दाजींचं घर सावरलं आन् आपल्या गड्याला उघड्यावर टाकलं."

म्हणजे इतके महिने आमची राजमा जेवत होती ती काष्टीच्या सर्जाला अर्धपोटी ठेवून!  आईनं पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. आतल्या सगळ्या कॅरीबॅगा चुरचुरल्या.

आणि पिंजऱ्यातून राजमानं शिट्टी मारली. मग मेहुण्याच्या मांडीवरून भिंगरीनं. आणि मग चार बारीक, चिरक्या, कधी न ऐकलेल्या शिट्ट्या! पिल्लं पहिल्यांदाच शिट्टी मारत होती. सहाच्या सहा जणी-जणांनी आईच्या पिशवीकडे बघत घर डोक्यावर घेतलं. गवत आलं असं वाटलं त्यांना!

आईनं पिंजऱ्याकडे बघितलं. मग तिनं पिशवी कॉटवर उलटी केली. सगळी लुगडी बाहेर पडली. रिकामी पिशवी तिनं माझ्या अंगावर फेकली.

"उभा काय? गवत आन! एवढी तोंडं वाजतायत, ऐकू येत न्हाई?" आणि रावसाहेबाकडे वळली. "चार पिल्लांतली निम्मी किती?"

"दोन."

"ती दोन पोरं घिऊन जा. पोरं बापाकडं. सर्जाला सोबत झाली. पोरी आन् भिंगरी हितं ऱ्हातील. डाक्टरनंबी पोरं येगळी करा म्हनलंय."

रावसाहेबाचा चेहरा उजळला. मग त्यानं डोकं खाजवलं. "आन् मनगटाचं, मावशी?"

"मनगट माझ्या पोराचं धरलंस. माझं न्हाई."

 रावसाहेब दोन पोरं टोपलीत घालून गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला. सर्जा बाहेर आला होता. पोरांच्या मागं मागं फिरत लसूणघास खात होता. फोनवर रावसाहेब रडत होता आणि इकडे मी.

म्हणजे आमच्याकडे राहिल्या चार. मग सात कशा झाल्या? उन्हाळ्यात रावसाहेब पुन्हा टोपली घेऊन आला. टोपलीत सर्जा आणि दोन पोरं. "गोठ्याचं पत्रं बदलतोय, दाजी. ठोकाठोकीला घाबरत्यात. तात्पुरतं ठिवा." पत्रे बदलून केव्हाच झाले. पोरं इथलीच झाली. आता हॉलच्या एका भिंतीला बायकांचा पिंजरा, दुसऱ्या भिंतीला पुरुषांचा. मधे आमचा सोफा.

रोज सकाळी मी विळा आणि आईची ती नायलॉनची पिशवी घेऊन मैदानाच्या कडेला गवत कापतो. मोठेबाबू फिरायला येतात, मला बघून रस्ता बदलतात. आई आता गावाचं नाव काढत नाही. तिला वेळच नसतो.

परवा संध्याकाळी सुनंदानं फ्रीज उघडला. हॉलमधे नेहमीप्रमाणे सात शिट्ट्या वाजल्या आणि पाठोपाठ सोफ्यावरून मी ओरडलो, "काय काढलंस गं खायला?"

आईनं गवत निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, "आठ."